साहेब जेवत नाहीत

माई खाटकाच्या दुकानातून निघाली तेव्हा उन्हं कलली होती. खाटकाने न मागता पिशवीत थोडी कलेजी घातली आणि हळूच विचारलं, "आज तरी जेवले का हो साहेब?"

"कसले जेवताहेत! आमच्या हातची चव आवडत नसेल," माई म्हणाली, आणि हसायचं म्हणून हसली.

साहेब म्हणजे कुत्रा. साधासुधा नव्हे, सैन्यातला, जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढणारा. त्यांच्या तुकडीत रीतच होती, कुत्र्याचा हुद्दा त्याला सांभाळणाऱ्या जवानापेक्षा एक पायरी वर. म्हणजे रागाच्या भरात कुणी हात उगारायला नको. वरिष्ठावर हात उगारला की शिक्षा ठरलेली. माईचा एकुलता एक मुलगा या कुत्र्याचा माणूस होता. सुट्टीवर आला की तोंड पाडून सांगायचा, "आई, साहेबांना सर्दी झाली होती गं, मला रात्रभर जागवलं." आणि मग मायलेक पोट धरधरून हसायचे.

एका डोंगरी रस्त्यावर साहेब खाली बसले. सुरुंग सापडला की बसायचं, हीच त्यांची शिकवण. मुलाने त्यांना मागे पाठवलं आणि एकटाच सुरुंग काढायला पुढे झाला, कारण पाठीमागे जखमींच्या गाड्या खोळंबल्या होत्या. त्या सगळ्या गाड्या पुढे सुखरूप पोचल्या. मुलाचं मात्र घरी पदकच आलं.

काही महिन्यांनी साहेब निवृत्त झाले आणि तुकडीने त्यांना मानाने या घरी पाठवलं. आणि इथंच सगळं अडलं. परक्याच्या हातचं खायचं नाही, कारण शत्रू विष घालतो, हे त्यांच्या हाडीमासी भिनवलेलं. त्यांना सोडायला आलेल्या उस्तादांनी, म्हणजे कुत्र्यांना शिकवणाऱ्या बुजुर्ग जवानाने, 'जेव' म्हणायची खूण दाखवली होती. उजवी मूठ छातीवर. माईने केली, तिच्या नवऱ्याने, अण्णांनी केली. साहेबांनी मुठीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. आल्यापासून फक्त पाणी. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा झाली. उस्तादांचा निरोप आला होता, उद्या गाडी घेऊन येतो, दवाखान्यात नेऊ. 'पण म्हातारं जनावर आहे माई, परत येईलच असं नाही.'

माई घरी आली तर अण्णा खुर्चीत ताठ बसलेले. अण्णा सैन्यातले जुने तोफची. तोफांनी त्यांचे दोन्ही कान कायमचे नेले होते. घरात सगळं बोलणं हातांनी, आणि त्या खुणा मुलाने लहानपणी स्वतःच्या डोक्याने काढलेल्या. अण्णांची एक खोड मात्र जायची नाही. तोफेवर हुकूम आला की तो आधी मोठ्याने परत म्हणायचा, मगच गोळा सोडायचा. तसं कुणीही खूण केली की अण्णा ती आधी आपल्या हाताने परत करून दाखवणार. माई वैतागायची, "एकदा सांगितलेलं कळत नाही का हो?" तर अण्णा तेही हाताने परत करून दाखवायचे!

आता मात्र ते हात मांडीवर नुसते पडून होते.

"लोक म्हणतात केवढा मान मिळाला तुम्हाला," भांडं काढता काढता माई स्वतःशीच पुटपुटली. "आहेच मान. माझ्या लेकाचा अभिमान मला नाही तर कुणाला असणार? पण मान काही ताटात वाढता येत नाही. साहेब, तुम्ही तरी राहा हो..."

साहेब उठले.

रोज याच वेळेला उठायचे. उजेड मावळायला लागला की पाय लटपटत का होईना, पण उठायचे आणि मुलाच्या खोलीत जायचे. खोलीत कुणी नसे. साहेब मधोमध उभे राहायचे, मान वर करून, कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं तसे. मग बसायचे. उठायचे. एक पाऊल मागे. पुन्हा बसायचे. शेपटी फरशीवर घासत राहायची, खस्... खस्... खस्. आणि खोलीत एक वास दाटायचा, ओल्या लोकरीचा आणि बुटांच्या पॉलिशचा. बूट तर घरात नव्हतेच. ते मुलाबरोबरच गेले होते.

माईने हे अण्णांना सांगितलं नव्हतं. तिला कळून चुकलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. पोराला तिकडे एकट्याला करमत नाही. तो साहेबांना न्यायला येतोय. रोज थोडं थोडं बोलावतोय...

आज ती मागोमाग गेली. दोन्ही हातांत जेवणाचं जड भांडं. पाठीमागच्या स्वयंपाकघरातला दिवा तेवढा जळत होता, खोलीत अंधार. उंबरठ्यावर पाय अडखळला. आत इतका गारवा होता की तिचे दात वाजायला लागले.

"बाळा," ती कुजबुजली. "आहेस ना?"

खस्... खस्...

"नको रे नेऊस त्यांना. तू मागे पाठवलंस म्हणून ते वाचले. आता तूच परत बोलावतोस? आम्हा दोघांना दुसरं कोण आहे रे... सांग ना..."

शेपटी थांबली. साहेबांचे कान ताठ झाले. अंधारात काहीतरी हललं, की तिच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली, देव जाणे. तिच्या मागे पावलं वाजली. अण्णा उठून आले होते. ते दारातच थबकले, समोरच्या भिंतीकडे टक लावून. मग त्यांचा हात सवयीने वर गेला. पाचही बोटं जुळवून हनुवटीला, आणि मग तळवा उघडून खाली, जमिनीकडे. मुलगा लहानपणी अण्णांना ताटावर बोलवायचा ती खूण. जेवायला बसा.

माईच्या हातातल्या भांड्यात साहेबांनी तोंड घातलं.

तिने भांडं कसंबसं खाली टेकवलं. साहेब खात होते, खाताना धापा टाकत होते. भांडं फरशीवरून सरकत सरकत पार भिंतीला जाऊन लागलं. अण्णा मटकन खाली बसले आणि रडले. बातमी आली तेव्हाही त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता हमसून हमसून, मोठ्याने रडले, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळतच नव्हतं. माईही रडली. बऱ्याच वेळाने तिने खुणेने विचारलं, ही खूण करायचं सुचलं कसं?

अण्णांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "अगं, तूच तर मागे हात करून सांगितलंस. भिंतीवर सावली दिसली मला. मी नुसती परत केली."

माईने आपल्या हातांकडे पाहिलं. तेव्हा तर तिचे दोन्ही हात भांड्याला होते.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना यायला संध्याकाळ झाली. साहेब दारातच उभे, पोट भरलेलं, नाक ओलं. उस्तादांना आनंद झाला, पण अण्णांनी ती खूण करून दाखवली आणि साहेब वाटीकडे वळले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"ही खूण कुणी शिकवली?"

"आमच्या पोराची आहे. घरातली जुनी," माई म्हणाली. "त्यानेच शिकवली असणार तुमच्याकडे."

"नाही माई. एका कामाला दोन खुणा आम्ही कधीच देत नाही, जनावर गोंधळतं. आणि मी रोज त्याच्या शेजारी उभा असायचो." उस्ताद वाकून साहेबांना निरखू लागले. "नवी खूण बसवायला रोज तालीम घ्यावी लागते. तीही कुणी परक्याने घेऊन चालत नाही. त्याचाच माणूस लागतो."

माईला रोजचं ते उठणं-बसणं आठवलं आणि तिचा ऊर भरून आला. न्यायला नव्हता येत. आईबापाच्या हातचं खायला शिकवायला येत होता, वेडा पोरगा!

"म्हणजे आता झाली म्हणायची तालीम," ती डोळे पुसत म्हणाली. "सुटला बिचारा."

उजेड मावळला. साहेब उठले आणि खोलीत गेले.

तिघंही दारात येऊन उभे राहिले. साहेब मान वर करून ऐकत होते. मग वळले, तिघांच्या मधून वाट काढत बाहेरच्या दारापाशी गेले, परत आले, अण्णांच्या गुडघ्याला नाक लावलं आणि पुन्हा दाराकडे बघितलं. मग खोलीत जाऊन पहिल्या जागी उभे राहिले.

"हा तर... हा वेगळाच धडा आहे," उस्ताद अगदी हळू बोलले. "दार वाजलं की बहिऱ्या मालकाला उठवायचं. आमच्याकडे हा शिकवतच नाहीत, माई..."

अण्णांना काही ऐकू आलं नव्हतं. ते साहेबांकडे बघत होते. साहेबांनी मान थोडी खाली केली, डोळे मिटले. दोन कानांच्या मधले केस सावकाश सपाट झाले, आणि बराच वेळ तसेच दबून राहिले.