कॅमेऱ्यातला हात

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने आमच्या घरी यावं आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघावेत. खोटं बोलायची गरज मला जन्मात पडली नाही. खरं बोलूनच मी लोकांना पुरेसा ताप दिलाय.

गाव बालायान, प्रांत बातांगास. फेब्रुवारीतली गुरुवारची संध्याकाळ. माझी नणंद रेमेदियोस वारली होती आणि आम्ही तिच्या घरी बसायला गेलो होतो.

रेमेला मूलबाळ नव्हतं. माझी नात लिगाया पाच वर्षांची, मला लोला म्हणते, म्हणजे आजी. दर सणाला रेमे म्हणायची, "तुला एवढी नातवंडं आहेत, ही मला दे."

मी म्हणायचे, "मांजर पाळ."

शवपेटीपाशी उभं राहून सगळ्या कुटुंबाने फोटो काढायचा, ही आमची रीत. माझा मुलगा आर्सेनियो, लिगायाचा बाप, फोटोग्राफर. त्याने कॅमेरा लावला. सून रोवेनाने शेजारी उभं राहून फोनवर काढला. दोघांचं हे रोजचंच.

"तुझ्या त्या धोंड्यापेक्षा माझा फोन बरा. अंधारातसुद्धा सगळे गोरे दिसतात."

"म्हणूनच तो खोटा."

मयताच्या घरून निघालं की थेट आपल्या घरी यायचं नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, पाव-बिव खायचा, जे मागे लागलं असेल ते तिथेच झटकून टाकायचं. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. रिक्षा चालवणाऱ्या आर्सेनियोला मी म्हटलं, बेकरीपाशी थांबव.

"लिगाया झोपलीय, नानाय. उठली तर रडेल," रोवेना म्हणाली. आईला आणि सासूलाही आमच्यात नानाय म्हणतात.

"रडू दे."

आर्सेनियोने बायकोचं ऐकलं. रिक्षा थेट आमच्या दारात येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी आपापले फोटो माझ्यापुढे ठेवले. कुणाचा चांगला ते मी सांगायचं होतं.

फोनमधला झकपक होता. लिगाया पुढे उभी, हात खाली सोडलेले.

कॅमेऱ्यातला जरा काळपट. तेच लोक, तेच कपडे. पण लिगायाचा उजवा हात...

वर उचललेला होता.

कुणीतरी धरला होता तो. सुरकुतलेला हात. बोटांना जपमाळ गुंडाळलेली. पेटीत निजवताना रेमेच्या बोटांना मीच गुंडाळली होती ती.

तिच्यामागे पेटीशिवाय काहीच नव्हतं.

"तुझा कॅमेरा बिघडलाय," रोवेना म्हणाली.

आर्सेनियोने दोन्ही फोटो पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, "नानाय, फोन फोटो काढत नाही, बनवतो. जे त्याला कळत नाही ते पुसून आजूबाजूसारखं करून टाकतो. कॅमेऱ्याला एवढी अक्कल नाही. काचेतून जे येतं ते तो ठेवतो."

त्याच संध्याकाळी लिगायाला ताप भरला.

डॉक्टर झाले. रक्त तपासलं. काही सापडेना. पोर खाईना, बोलेना. उजव्या हाताची मूठ घट्ट वळलेली, बर्फासारखी गार. आम्ही तिघांनी मिळून जोर लावला तरी ती उघडली नाही.

आर्सेनियो रोज तिच्याकडे कॅमेऱ्यातून बघायचा. आधी मनगटापर्यंतच दिसायचा तो हात. मग कोपरापर्यंत. मग...

पोरीच्या कमरेभोवती.

पाद्रीबाबा पाणी शिंपडून गेले. लिगायाला चादरीत गुंडाळून आम्ही बेकरीतही नेलं, जे तेव्हा करायचं होतं ते उशिरा केलं. पावाचा तुकडा तिच्या ओठांवरून खाली पडला.

त्या दिवशी रोवेनाने फोन माझ्यापुढे धरला. "बघा ना, नानाय. यात ती बरी दिसते. गाल लाल आहेत."

पोरीचे गाल मेणासारखे झाले होते. एरवी मी सुनेला चार शब्द सुनावले असते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिगायाला श्वास पुरेना. मी तिला मांडीवर घेऊन पलंगावर बसले, रोवेनाला शेजारी बसवलं. आर्सेनियोला म्हटलं, "कॅमेरा आण."

मग मी माझा हात पुढे केला.

"रेमे, ऐक. हावरट तू आधीपासूनच. पण पोर सोड. कुणीतरी हवंच असेल तर या घरातलं मोठं माणूस घे. हा हात धर."

"काढ," मी म्हटलं.

त्याने बटण दाबलं. आणि लिगायाची मूठ...

उघडली.

"लोला, पाणी," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी. रोवेना माझ्या खांद्यावर पडून रडली, मीही रडले. माझं रडणं कुणी पाहिलं नव्हतं आजवर.

आर्सेनियो फोटो बघत होता.

"लिगायाजवळ नाहीये तो हात."

"माझ्याजवळ असेल."

"नाही."

"मग रोवेनाजवळ?"

"नाही गं. कुठेच नाही."

भिंत पाहिली, खिडकी पाहिली, पलंगाखालचा अंधार पाहिला. खरंच कुठे नव्हता. रोवेनाने मेणबत्ती लावली. त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो.

आता लिगाया अंगणात कोंबड्यांमागे पळते.

पण रेमेशी बोलताना मी नुसतं 'मोठं माणूस घे' म्हटलं होतं. माझं नाव घेतलं नव्हतं. आणि घरातलं एक मोठं माणूस त्या फोटोत आलंच नव्हतं.

जो काढत होता तो.

परवापासून आर्सेनियो डाव्या हाताने जेवतो. विचारलं तर म्हणतो, उजवा झोपेत अवघडला असेल. रोवेना रोज फोनवर त्याचा फोटो काढून मला दाखवते. छान दिसतो. गाल लाल.

हे लिहिताना तो समोर ओट्यावर बसलाय. कॅमेरा त्यानेच आणून माझ्या मांडीवर ठेवलाय. बटण कुठलं तेही दाखवलंय.

"काढ ना, नानाय. एकदाच," तो म्हणतो.

सकाळपासून म्हणतोय. माझं बोट उचललं जात नाही.