समदे आले का?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलंय, आणि मावशी गोष्टी रचून सांगणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. तुळशीचं लग्न लागून चारच दिवस झाले होते. मंगळवार होता. वेळ दिवेलागणीची.

त्रिवेणी मावशी आणि गौतम काका हैदराबादला अंबरपेठेत राहतात, अगदी मुसी नदीच्या बाजूला. घरामागे अंगण, अंगणात खुराडं आणि शेवटी एक पत्र्याचं फाटक. फाटकापलीकडे अरुंद गल्ली, आणि तिच्या पुढे गवताचे मळे.

त्या मळ्यांतून कोल्हे यायचे.

मावशीच्या अकरा कोंबड्या होत्या. पंधरा दिवसांत सात उरल्या. सकाळी फक्त पिसं दिसायची. मावशीला पोटच्या पोरींसारख्या त्या कोंबड्या. ती रडायचीच बाकी राहिली होती.

शेजारचे अप्पाराव म्हणाले, "आदमीचा वास लागला की कोल्हा जवळ येत नाही, अम्मा. घरातला एखादा पुराना कपडा टांगा खुराड्यावर."

मावशीला एकदम आठवलं. मामंजींची घोंगडी.

तिचे सासरे, भगवंतराव, दोन महिन्यांपूर्वीच गेले होते. गेलेल्याचे कपडे तेराव्याच्या आत देऊन टाकायचे, अशी त्यांच्याकडे रीत. मावशीने सगळं दिलं. घोंगडी तेवढी ठेवून घेतली. चांगली ऊबदार होती, द्यायला मन झालं नाही.

तीच तिने खुराड्यावर टांगली.

कोल्हे यायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस. मावशी खूश.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळत होती. मागे अंगणात कुणीतरी खोकलं...

मग काठीचा आवाज. टक... टक... फाटकाच्या दिशेने.

आणि मग तो प्रश्न.

"समदे आले का?"

भगवंतरावांचा हा रोजचा नेम होता. कोंबड्या कोंडायच्या, फाटकाशी उभं राहायचं आणि हाच प्रश्न विचारायचा. तो फक्त कोंबड्यांसाठी नसायचा. घरातलं एकही माणूस बाहेर असलं, तर म्हातारा घोंगडी पांघरून फाटकाशी उभा राहायचा. सगळे आत आले की मगच कडी घालायचा. वीस वर्षं आतून उत्तर द्यायची ती मावशी.

हात पिठात. डोकं दुसरीकडे. तोंडातून सवयीने निघून गेलं...

"आले, मामंजी."

खण्णकन कडी पडली.

आणि मग मावशीच्या ध्यानात आलं. मामंजी तर गेलेत. आणि हे अजून घरी आलेले नाहीत.

काका बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात कामाला. रोज मागच्या गल्लीतूनच स्कूटीवर येतात.

ती पिठाच्या हातांनीच अंगणात धावली. कुणी नव्हतं. सातही कोंबड्या खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या. एकही हलत नव्हती.

तेवढ्यात फाटकापलीकडून आवाज आला.

"त्रिवेणी, दार उघड."

काकांचाच आवाज.

"अहो, आज इतका उशीर? आणि स्कूटी कुठाय?"

"बंद पडली. उघड लवकर."

मावशीने कडी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी घट्ट.

"फोन तरी करायचा," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, कमरेला खोचलेला फोन काढून तिने स्वतःच काकांचा नंबर लावला.

रिंग वाजली.

फाटकाशी नाही... लांब, गवताच्या मळ्यात.

"पडला कुठेतरी वाटेत," पलीकडून आवाज आला. "उघड की. थंडी वाजतेय."

तिच्या अगदी मागे कुणीतरी पुन्हा खोकलं. तिने वळून पाहिलं. फक्त घोंगडी. वारा नव्हता, तरी हलत होती.

मावशी मला म्हणाली, "मला भीती वाटली रे. पण बाहेर माझा नवरा उभा होता. मी काय करायला पाहिजे होतं?"

तिने घोंगडी ओढली आणि जमिनीवर फेकली.

कडी आपोआप निघाली.

काका आत आले. हातपाय धुतले, जेवले, झोपले. सगळं नेहमीसारखं.

फोन काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मावशीने मामंजींची माफी मागून घोंगडी पुन्हा टांगली. कोल्हे आता मळ्यातसुद्धा दिसत नाहीत.

पण काकांच्या हातून दाणे खाणाऱ्या त्या कोंबड्या... काका अंगणात आले की कोपऱ्यात जाऊन चिकटून बसतात.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. संध्याकाळी काका माझ्या शेजारी बसून चहा पीत होते. मागे कुणीतरी खोकलं. काठी वाजली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

"समदे आले का?"

मावशीने एकदा काकांकडे पाहिलं. मग खालमानेने म्हणाली, "आले, मामंजी."

आम्ही कितीतरी वेळ कान देऊन बसलो.

कडी पडली नाही.

मावशी म्हणते, त्या दिवसापासून ती एकदाही पडलेली नाही.