निम्म्या पेट्रोलची सोबत

आमची पहिली भेट वजनकाट्यावर झाली. काटा गुरांच्या खाद्याची पोती मोजायचा होता आणि त्यावर मी उभी होते.

"बूट काढता का?" तो म्हणाला.

"का?"

"वजन वाढलं की पेट्रोल जास्त जळतं."

"मग लिंकन शहरात अनवाणी फिरू?"

त्यावर तो खरोखरच विचार करू लागला.

हा वेंडेल नोवॉटनी. काकाने मरताना त्याला एक विमान दिलं होतं, त्याच्यापेक्षा वयाने मोठं. आमच्या गावच्या धावपट्टीशेजारी माझी गाडी बंद पडली, म्हणून मी मदत मागायला तिथल्या पत्र्याच्या खोलीत शिरले, तर भिंतीवर त्याची चिठ्ठी – 'शनिवारी लिंकनला जातो. सोबत हवी. पेट्रोल निम्मं-निम्मं.'

लिंकनला दर शनिवारी माझा दातांच्या कवळ्या बनवण्याचा क्लास असायचा. गाडीने पाच तास. नेब्रास्कात पाच तास म्हणजे मका, मका, गाय, मका.

"एक अडचण आहे," वेंडेल म्हणाला. "माझं लायसन्स खाजगी. भाडं घेता येत नाही. निम्मं पेट्रोल घेता येतं, पण मलाही तिथे माझं स्वतःचं काम हवं. नुसतं तुमच्यासाठी गेलो, तर तेही घेता येत नाही. नियम आहे."

"मग तुमचं काय काम आहे?"

"केस कापायचेत."

दुसऱ्या शनिवारीही त्याने केस कापले. तिसऱ्या शनिवारी कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्यांच्या क्लबात दाखल झाला. त्याच्याकडे अ‍ॅकॉर्डियन नव्हतं. पुढच्या खेपेला तो कुणा अनोळखी आजींच्या अंत्यविधीला गेला आणि इतका मनापासून रडला, की घरच्यांनी त्याला शवपेटीला खांदा द्यायला लावलं.

"काय वेंडेल, आज कोण गेलं?" धावपट्टीच्या पंपावरचा म्हातारा झीग्लर त्यानंतर दर शनिवारी विचारायचा.

मी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, भाजून न्यायचे. वेंडेल ते उडायच्या आधीच संपवायला लावायचा – उगाच वजन नको. पोटात गेलेले कोलाचेही विमानातच येतात, हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही.

वर गेल्यावर तो लाल दांडी हळूहळू बाहेर ओढायचा. तिने इंजिनाचं पेट्रोल कमी होतं. इंजिन कुरकुरलं, की दांडी केसभर आत. मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले... कुणी आपलंही असं ऐकावं, असं मला वाटलं. इंजिनाचा हेवा करणारी मी त्या जिल्ह्यातली पहिलीच मुलगी असेन.

परतताना वारा समोरून यायचा. एकदा खाली महामार्गावरून डुकरांचा एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला.

"वेंडेल, डुकरं पुढे गेली."

"त्यांचं डिझेल किती जळतंय बघा."

"त्यांना घरी पोचायची घाई असेल."

"ती घरी नाही चाललेली," तो म्हणाला. मग जरा थांबून – "तुला आहे घाई?"

पहिल्यांदाच 'तुला'. मी खिडकीबाहेर पाहिलं. "नाही..."

त्याने वेग आणखी कमी केला.

ऑगस्टमध्ये क्लास संपला. हे मी वेंडेलला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर निम्मं पेट्रोल देणारं दुसरं कुणीतरी त्याच्याशेजारी बसलं असतं. त्याच्या लेखी मी मुलगी होते की अर्धी टाकी, तेच मला कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखी पिशवी घेऊन धावपट्टीवर गेले. टाकी भरून झाली होती. वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी पाकिटात हात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. "आज घेता येणार नाही."

"का?"

"लिंकनला माझं काही काम नाही. खूप शोधलं. आज कुणी मेलंसुद्धा नाही."

"मग कशाला जातोयस?"

त्याने वाऱ्याची दिशा पाहिली, चाकाला लाथ मारून पाहिली.

"तू जातेयस म्हणून," तो म्हणाला. इंजिनातला बिघाड सांगावा, तसं. "सगळं पेट्रोल मी भरलंय."

पंपाजवळ झीग्लरने आदराने टोपी काढली.

मी पाकीट पिशवीत टाकलं.

"वेंडेल... माझंही काही काम नाही. क्लास मागच्याच शनिवारी संपला."

"मग तू कशाला आलीस?"

"तू जातोयस म्हणून."

त्याचे कान शेंड्यापर्यंत लाल झाले. कुंपणापलीकडे मका सळसळला. वेंडेलने माझा हात हातात घेतला – अगदी हळू, लाल दांडी ओढायचा तसा.

"म्हणजे," तो म्हणाला, "दोघांचं जायचं कारण एकच झालं."

"झालं."

"मग नियमात बसतं!" आणि त्याने दुसरा हात पुढे केला, निम्म्या पेट्रोलसाठी.

पहिला हात त्याने काही सोडला नाही. पाकीट मला एकाच हाताने उघडावं लागलं.