कोरडी पट्टी

धारूरच्या बाजारात उत्तरेश्वरचं चष्म्याचं दुकान होतं, आणि सुंदररावांना नेमका चष्माच चालत नव्हता. दूध संस्थेच्या निवडणुकीत विरोधी पॅनलची निशाणी चष्मा. बारा वर्षं चेअरमन असलेला माणूस नाकावर विरोधकांचा प्रचार घेऊन फिरणार कसा? म्हणून लेन्स.

पण लेन्स वाळूसारखी खुपायची. उत्तरेश्वरने ती काढली आणि खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती दहा-पंधरा मिलिमीटर भिजली, तर डोळ्यात पुरेसं पाणी आहे म्हणायचं. सुंदररावांची पट्टी कोरडीठाक निघाली. त्या साली धारूरला पाऊसही तसलाच झाला होता, त्यामुळे उत्तरेश्वरला नवल वाटलं नाही.

"डॉक्टर, मतदानापतूर कायतरी करा. भाषणात डोळे चोळतो, तर लोक म्हणतेत चेअरमन रडायलेत."

"म्हणू द्या की साहेब. मतं वाढतील."

"रडायला पाणी तर पायजे!"

तीन तऱ्हेच्या लेन्स घालून झाल्या. तिन्ही खुपल्या. चौथी देऊन, सोबत थेंबांची बाटली देऊन उत्तरेश्वरने हात टेकले.

सुंदरराव निवडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेढे घेऊन दुकानात हजर.

"लेन्स घातलीय का न्हाई, तेच कळंना बघा! लई आराम."

लेन्स काढून पट्टी लावली. मिनिटाच्या आत ती टोकापर्यंत भिजली, शिवाय एक थेंब गालावरून मिशीत उतरला. एवढं पाणी उत्तरेश्वरने कुणाच्याच डोळ्यात पाहिलं नव्हतं. पण गिऱ्हाईक सुखी झालं होतं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेढा खाल्ला.

दुपारी सरूबाई आली. संस्थेला रोज दोन लिटर दूध घालणारी. लेन्स तिने जन्मात पाहिली नव्हती.

"बाबा, लेक-जावई सकाळी ऊसतोडीला गेले. टेम्पो हलला, मी रडाया गेले, तर पाणीच येईना. कावून असंल?"

पट्टी कोरडी.

मागे बाकावर आणखी चौघं डोळे चोळत बसले होते.

"तुम्ही कुठले?"

"आमी समदे संस्थेचेच."

चार पट्ट्या. चारही कोरड्या.

ते गेल्यावर उत्तरेश्वर आरशासमोर बसला. आपण दूध घालत नाही, आपला काय संबंध, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं. तरी त्याने एक पट्टी स्वतःच्या पापणीत अडकवली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

वडिलांनी कधीकाळी त्याच्या नावावर संस्थेचा एक शेअर घेऊन ठेवला होता, हे त्याला पट्टी काढताना आठवलं.