पाळकाच्या मुठीतल्या लवंगा

सावित्री आली तेव्हा तिच्या पदरावर रक्त होतं. तिचं नव्हे, नवऱ्याचं.

"ताई, लोकांनी माझ्या घोवाचा हात मोडलानी! म्हणतायत, पाद्रीबाबाला त्यानंच मारलान. सुकत घातलेल्या मासळीवरनं भांडण झालेलं, खरं हाय. पण म्हणून कोण जीव घेतो काय ओ? मोडका हात बांधून झाला की तो आता कोठडीत जायचा."

हिरा कीर खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचा आतेभाऊ रूपेश स्कूटर चालवायचा आणि घाईने निष्कर्ष काढायचा.

"तिचा नवरा काशीरामच असणार," वाटेतच तो म्हणाला.

प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत रक्त भिंतीपर्यंत उडालं होतं. शनिवारी संध्याकाळी पाळक योहान यांच्या डोक्यावर मागून पितळी मेणबत्तीदाणीचे घाव घातले होते. एकाने भागलं असतं, मारणाऱ्याने पाच घातले. जमिनीवर शेजारी शेजारी दोन चटया, दोन्ही रक्ताने भिजलेल्या.

"मूठ घट्ट मिटलेली होती," फौजदार म्हणाले. "वरून रक्ताने माखलेली. आत तीन लवंगा, अगदी कोरड्या."

पाळकांची बायको एस्तेर कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"त्या दिवशी हे म्हणाले, उद्या प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटण्याआधी एक जण कबुली द्यायला मंडळीपुढे उभा राहील. कोण, ते सांगितलं नाही."

"प्रभुभोजन कोण वाटतं?"

"हे आणि शलमोनदादा. प्रार्थनेने त्यांची दारू सुटली. ती साक्ष ऐकून कितीतरी लोक मंडळीत आले. दादा स्वतः मात्र गेलं वर्षभर प्रभुभोजनाचा प्याला घेत नाहीत. साखर आहे ना त्यांना, आणि द्राक्षरस गोड."

शलमोनदादांचं कोकणी मेव्याचं दुकान होतं. रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"माझा भाऊच गेला हो," ते गालातली लवंग सरकवत म्हणाले. "माफ करा, दाढ फार ठणकते."

रूपेशचं लक्ष बरणीकडे. "काजूची चिक्की ताजी आहे ना?"

दादांनी सवयीने एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि कडाकडा चावला. "बघा! आवाजच सांगतो."

हिराने पाव किलो चिक्की घेतली आणि फौजदारांना फोन केला.

तासाभराने सगळे त्या खोलीत जमले.

"दोन चटया म्हणजे पाळक कुणाबरोबर तरी गुडघे टेकून प्रार्थना करत होते," हिरा म्हणाली. "काशीराम त्यांच्या शेजारी प्रार्थनेला बसला असता? लवंगा कोरड्या होत्या, म्हणजे घावाआधीच हातात दिलेल्या. दादा, साखर असलेला, दाढ ठणकणारा माणूस चिक्की चावत नाही. तुमचे दोन्ही बहाणे खोटे. लवंग दारूचा वास मारायला होती."

"पण पिणारा माणूस द्राक्षरसाला का घाबरेल?" रूपेशने विचारलं.

"कारण त्यांचा विश्वास खोटा नव्हता. पाप लपवून प्रभूचा प्याला घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही. दुसऱ्यांना देत राहिले आणि स्वतः उपाशी राहिले."

दादांनी खुर्ची उचलून फिरवली. ती रूपेशच्या खांद्यावर बसली, तो कळवळून खाली पडला. फौजदारांनी दादांना भिंतीवर दाबून धरलं. त्यांच्या फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं.

"महिन्यातून एकदा, एवढीशी घ्यायचो!" ते ओरडले. "कुणाचं काय बिघडत होतं? मंडळीपुढे कबूल कर म्हणाले. मी हो म्हटलं, लवंगासुद्धा काढून दिल्या. पण गुडघे टेकले आणि सगळ्यांचे चेहरे दिसायला लागले. माझी साक्ष, माझं नाव..."

"काशीरामला सोडतो," फौजदार हळूच म्हणाले. दाराशी उभी असलेली सावित्री तशीच कोठडीकडे धावली.

एस्तेर उठून दादांसमोर आली.

"शेवटी ते काय म्हणत होते?"

दादांनी मान खाली घातली. "'प्रभू, माझ्या भावाला उद्या उभं राहायचं बळ दे.'"

"आणि तुम्ही?"

"मी आमेन म्हटलं," शलमोनदादा म्हणाले. "आणि मग उठलो."