हलणारी दुर्बीण

गोष्ट दोन हजार अठरा सालची. थंडी नुकतीच पडू लागली होती आणि भाईंदरच्या खाडीवर फ्लेमिंगो उतरले होते.

भाईंदर पश्चिमेला, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, भाविका भोईर तिच्या मंदाआत्यासोबत राहायची. आई-वडील लवकर गेले, आत्यानेच तिला वाढवलं. खिडकीतून मिठागरांच्या पलीकडे पक्ष्यांची एक गुलाबी रेघ दिसायची. ती जवळून बघायची, एवढ्यासाठी भाविका केबिन रोडवरच्या चष्म्यांच्या दुकानात शिरली.

"सगळ्यात मोठी दुर्बीण दाखवा. वीस पट मोठं दाखवणारी, वीसची असते ना?"

काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली. "वीसची? चंद्रावर कुणी राहतं का तुमचं?"

भाविकाला हसू आलं. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली… आणि समोरच्या दुकानाची पाटी थयथय नाचू लागली. हसू तिथेच विरलं.

"ही हलते," ती घाईने म्हणाली.

"वीसची हलणारच. चित्र जितकं मोठं, तितका हाताचा कंपही मोठा."

भाविकाने दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

तिचे हात कापायचे. आत्याचे कापायचे, अगदी तसेच. दोन स्थळं त्यापायी परत गेली होती. ट्रेमधले कप बशांवर वाजायला लागले, की पाहुणे एकमेकांकडे बघायचे आणि निरोप कधी यायचाच नाही. आत्याचं तर लग्नच झालं नाही. "कप अर्धाच भर गो," आत्या सांगायची. "न्हाय तं लोकांना समजतंय." कळता कामा नये, हे भाविका इतकं शिकली होती की तिला दुसरं काही सुचायचंच नाही.

"ही दहाची न्या," तरुण म्हणाला. "नाही आवडली तर परत आणा. मी अभिनव. दुकान मामांचं आहे, पण बोलणी मी खातो."

चार दिवसांनी ती परत आली. "हिच्यात बिघाड आहे. हलते."

"दाखवा… मला तर ठीक वाटतेय."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"छे! तुम्ही म्हणता म्हणजे हलत असणार." त्याने आठची काढून दिली. देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तिने हात झटकन मागे घेतला. त्याला कंप जाणवला असेल का…? त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. डोळ्यांसमोर त्याचं हसणं यायचं आणि त्यामागून ट्रेमधले ते कप.

तिसऱ्यांदा ती तीच तक्रार घेऊन आली तेव्हा अभिनव म्हणाला, "आता मीच येतो. रविवारी सकाळी, मिठागराच्या बांधावर. बघूच कुठे हलते."

नाही म्हणायला हवं होतं. ती "बरं" म्हणाली.

रविवारी बांधावर गार वारं होतं. समोर उथळ पाण्यात शेकडो फ्लेमिंगो चोची बुडवून उभे होते. अभिनवने दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"ही तर दगडासारखी स्थिर आहे," तो हळूच म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "भाविका, तुमच्या शब्दावर मी होलसेलवाल्याशी भांडलो. खराब माल देतोस म्हणालो. त्याने मामांना फोन केला. त्यांची वीस वर्षांची ओळख… मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

भाविकाने हात ओढणीत आणखी गुंडाळले. आता गप्प बसलं तर हा खोटा ठरतो. बोललं तर… हा जातो.

तिने ओढणीतून हात काढले आणि त्याच्यासमोर धरले. बोटं थरथरत होती.

"दुर्बीण नाही हलत. मी हलते."

त्याने हातांकडे बघितलं, मग पाण्याकडे. तो बांधावरून चालायला लागला. भाविका तशीच उभी राहिली. तिला वाटलं, संपलं. इथे तर चहासुद्धा नव्हता.

दहा-बारा पावलांवर तो थांबला आणि वळला.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "पण रागवायचा हक्क नाही मला. नवख्या माणसाने वीसची मागितली तर आम्ही पहिल्या दिवशी आठचीच देतो. मी तुम्हाला मुद्दाम दहाची दिली, ती जास्त हलते."

"का?"

"म्हटलं… परत याल."

भाविका बघतच राहिली. "म्हणजे आधी तुम्ही फसवलंत!"

"आधी मी. जास्त तुम्ही." तो जवळ आला. "बसा. पाठ त्या दगडाला टेका. गुडघे वर, कोपरं गुडघ्यांवर. आता दुर्बीण भुवयांना घट्ट टेकवा… अशी. श्वास सोडा."

चित्र अजून थोडं हलत होतं. पण तिला एका फ्लेमिंगोचा पिवळा डोळा दिसला, आणि चोचीवरून ओघळणारं पाणी.

"दिसलं?"

"दिसलं…" दुर्बीण न काढताच ती म्हणाली, "हे वाढत जातं, अभिनव. आत्याचं वाढलं. माझंही वाढेल."

"मग दर काही वर्षांनी दुर्बीण बदलू. दुकान आपलंच आहे."

"दुकान मामांचं आहे."

"मामा आपलेच आहेत. त्यांना मी सांगतो. तू फक्त होलसेलवाल्याची माफी माग."

'तू' ऐकून तिचे कान तापले. तिने दुर्बीण मुद्दामच डोळ्यांवर ठेवली.

तिने माफी मागितली. होलसेलवाला हसला आणि लग्नात सगळ्यांत आधी जेवायला बसला. अभिनवची आई मात्र लग्नाआधी सहा महिने अडून राहिली. डॉक्टरांनी हे घराण्यात चालत आलेलं आहे, यात जिवाला धोका नाही, असं समोर बसवून सांगितलं, तेव्हा कुठे ती तयार झाली. त्याच डॉक्टरांच्या गोळीने मंदाआत्याचा कंप निम्म्यावर आला. "आदी का न्हाय दाखवला मी?" असं ती एकदाच म्हणाली. आता ती मुलीकडे राहावं तशी हक्काने त्यांच्याकडे राहते. मामांनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि ते गावी गेले. भाविकाला ती गोळी तितकी लागू पडली नाही, तिचे हात आधीपेक्षा जास्त कापतात.

भाविका आणि अभिनवला पूर्वी नावाची मुलगी आहे, पाच वर्षांची. तिचे हात पुढे कापतील की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत. घरात कुणी तिच्या हातांकडे बघत बसत नाही.