दोनदा मीठ

मी घाईत नारळाच्या ढिगाला अडखळले, तेव्हा ढिगामागून आवाज आला, “सावकाश! इथे फक्त नारळ फोडायचेत.”

तो प्रास्त्यो. नवरदेवाचा मित्र, शेजारच्या गावचा. माझ्या मामेबहिणीचं, सेकारचं लग्न होतं आणि अख्खी आळी राबत होती. मंडपाचे बांबू कुणाच्या बेटातले, चटया कुणाच्या घरच्या, फुलं सगळ्यांच्या परसातली. फणसाची भाजी माझ्याकडे होती.

तीन दिवस तो नारळ फोडत माझ्याशी बोलला. बोलला खूप, पण मनातलं एक अक्षर नाही. गुरुवारी मी सुराबायाला कारखान्यात कामाला निघणार, हे त्याला ठाऊक होतं. मी वाट पाहत होते... दाखवत नव्हते, एवढंच.

लग्नाच्या सकाळी स्वयंपाकावर देखरेख करणाऱ्या गिनेममावशींनी भाजी चाखली आणि डोळे घट्ट मिटले.

“अगं बाई! लस्त्री, इतकी घाई झालीय तुला?”

बायका खो खो हसल्या. आमच्या जावा बेटावर जेवण खारट झालं की करणारीला लग्नाची घाई झाली, असं धरतात.

“मी मोजून दोन मुठी मीठ घातलंय,” मी म्हणाले. माझे कान तापले होते. माझं मीठ आजवर कधी चुकलं नव्हतं.

“कुणाचा विचार करत मोजलंस ते सांग!”

“दुसऱ्यांदा मी घातलं,” नारळांमागून प्रास्त्यो म्हणाला.

खोबरं किसणारे हात थांबले.

“तू? का रे बाबा?”

“का म्हणजे... मावशी, तुम्हाला माहितीये.” त्याने मान वर केली नाही. “मला हिच्याशी नीट बोलता येईना. म्हणून—”

“म्हणून तीनशे माणसांची भाजी बिघडवलीस?”

मावशींनी बटाटे आणि नारळाचं दूध घालून भाजी कशीबशी सावरली. नारळ अर्थात त्यालाच फोडायला लावले.

मला आनंद झाला. फार झाला. पण इतक्या जणींसमोर उत्तर देणं माझ्याच्याने होईना.

दुपारी पाहुणे जेवून गेल्यावर मी त्याला चहा नेऊन दिला. एक घोट घेऊन तो थांबला.

“साखर...?”

“नाही घातली.”

त्याने पुन्हा चव घेतली. मग माझ्याकडे पाहिलं.

“आणि गुरुवारची बस?”

“आधी चहा संपव.”

तो खारट चहा त्याने तळापर्यंत प्यायला.